तिसरं पान

पंचायतीनं सांगितलंय, एका पानात बसवा.
शंभरी आहे, स्मरणिका निघणार.
पहिल्या पानावर आमदारांचा फोटो,
दुसऱ्यावर खाणवाल्यांची जाहिरात,
तिसरं माझं: फणसवाळच्या हॉलचा इतिहास.

तर, चिरे डोंगरातले, कौलं मंगळूरची,
तुळया इनास मेस्तानं तासलेल्या.
मजुरीतले अर्धे पैसे सोडून त्यानं
पुढचं एक बाक मागून घेतलं, कायमचं, नाटकांसाठी.
मराठी अक्षर त्याला वाचता येत नसे,
पण राक्षस पडला की पहिली टाळी त्याचीच.

रेजिदोराचा शिपाई यायचा वही तपासायला.
'स्वराज्य' शब्दावर त्याचं बोट अडे. हे काय?
पुराणातलं आहे, म्हणायचे भिकू नाटेकर,
आणि खाज्यांची पुडी पुढे सरकवायचे.
पुराणात बरंच काही खपलं त्या वर्षांत.

एकसष्टच्या डिसेंबरात
पूल उडाल्याचा आवाज आला तेव्हा
बायापोरं दोन रात्री इथंच झोपली,
जंगलाच्या रंगीत पडद्याचं अंथरूण करून.
पडद्यावरच्या वाघाला अजून तेलाचा डाग आहे.

सदुसष्टात, विलीन व्हायचं की नाही यावरून
दोन सख्ख्या भावांनी एकच माइक ओढला.
दुरुस्ती, साडेसात रुपये.
भावांची नोंद नाही.

मग देवीची लस, रॉकेलची रांग,
कुणाकुणाची लग्नं, एक शोकसभा
जिला माणूस जिवंत निघाला.

इथं पान भरतं.

पण डोंगराकडच्या खिडकीचा काठ पाहिलाय कुणी?
आतून कोरा, धारदार.
बाहेरून झिजलेला, दोन दोन खळगे,
माझी कोपरं टेकून पाहिली, नेमकी बसली.
चाळीस वर्षं ज्यांना आत जागा नव्हती
त्यांनी इथून पाहिली सगळी नाटकं,
पात्रांची एकच बाजू.
शेवंतीची आई म्हणायची,
"राजाचो दावो कान हांवें केन्नाच पळयलो ना."

ती आत कधी आली?
मी सगळ्या वह्या चाळल्या. पहिल्या पाहिल्या त्या भाषणांच्या.
वाद नाही, हारतुरे नाहीत,
कुणी कुणाचा हात धरल्याचं लिहिलेलं नाही.
फक्त फेब्रुवारी त्रेसष्ट, ठराव सातवा:
'पाच बाकं वाढवावीत.'
कारणाची जागा रिकामी.
खाली सूचक म्हणून एक अंगठा,
आणि अंगठ्याशेजारी कारकुनानं लिहिलेलं, इनास मेस्त.

खर्चाच्या वहीत मात्र
मजुरी चारच बाकांची.

मी पेन्सिलीनं बेरीज दोनदा केली.
मग जाऊन बाकांचे पाय पाहिले.
शेवंतीची आई ज्यावर बसायची
त्याचं लाकूड बाकीच्यांहून जुनं आहे,
चाळीस वर्षांनी जुनं,
आणि ते पुढचं आहे.