आटे

टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत तो तुकडा ठेवून
साहेब म्हणाले, "मिस्त्री, ओळखता का?"
मी चष्मा पुसला. गरज नव्हती.
आटे माझ्याच लेथचे.
शेवटच्या फेऱ्यावर एक बारीक खरड येते,
चार वर्षं म्हणतोय, लीड-स्क्रू बदलायचा,
राहूनच गेलंय.
अख्ख्या उद्यमनगरात ही खरड
एकाच शेडमधली.

"व्हय," म्हणालो. "आमचंच काम हाय."

त्यानं विचारून केलं होतं.
रात्री थांबतो, लाईटबिल देतो म्हणाला.
"कशाला रं एवढ्या नळ्या?"
"देवाचं काम हाय, मामा."
मला वाटलं मंडप असंल, कमान असंल.
देवाचं म्हटल्यावर आपल्याकडं
कोण माप विचारतंय?
मी लाईटबिलसुद्धा घेतलं नाही.

गंगावेशीत त्या पहाटे म्हशी उभ्या होत्या.
बंडा चौगले धार काढत होता,
हुसेन भालदार दुसरा पेला मागत होता,
पहिल्याचा फेस अजून मिशीला.
प्राजक्ता नावाची कॉलेजची पोर
दूध प्यायला नव्हतीच आली,
सायकलची चेन पडली म्हणून थांबलेली.
म्हैस दोन दिवसांनी गेली. तिला शेवंती म्हणायचे.

दुपारपर्यंत शटरं खाली.
फोनवर फोन.
किती गेले, हे दुसरं विचारायचे.
पहिलं, "कुठल्यातला निघाला? आपल्यातला का त्यांच्यातला?"
आणि उत्तर येईपर्यंत धरलेला श्वास.
तो श्वास मी दोन्हीकडून ऐकला.
सारखाच.

म्हणून नाव सांगत नाही.
सांगितलं की तुम्ही त्याचा देव हुडकाल,
मग कोण गप्प बसंल, कोण दगड हुडकंल,
ते त्या देवावर ठरंल.

बिंदू चौकात मेणबत्त्या लागल्या. वारं होतं,
विझली की मागचा पुढच्याच्या वातीवर लावून घ्यायचा.
त्याच रात्री पन्नास मोटारसायकली
हॉर्न दाबून फिरल्या, कुणाच्या तरी गल्लीतनं.
शांतता कमिटीत चहा आला, क्रीमची बिस्किटं आली.
एकजण उठला, म्हणाला,
"खरा धर्म असलं शिकवत नाही."
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

पण तो पोरगा खोटा नव्हता हो.
मशीनला हात लावायच्या आधी हात धुवायचा.
माप केसभर चुकलं तर जॉब स्वतःच भंगारात टाकायचा,
मी म्हणायचो, जाऊ दे की, गिऱ्हाइकाला काय कळतंय,
तर म्हणायचा, "देव बघतोय, मामा."
तोच देव.
हे कमिटीत कसं बोलायचं?
बोललो नाही. बिस्किट चहात पडलं, ते काढत बसलो.

परवा तालमीतली दोन पोरं आली,
कमानीला पाईप पाहिजेत.
म्हटलं, "आधी ड्रॉइंग आणा."
"देवाचंच काम हाय, मामा."
"असू दे. ड्रॉइंग आणा."
एकमेकाकडं बघितलं त्यांनी,
दुसऱ्या शेडमध्ये गेली.
जातील. तिथं मिळंल.

लेथला सील आहे. केस संपेपर्यंत
स्क्रू बदलायचा नाही, असा लेखी हुकूम.

आणि त्याची आई आली, डब्यासाठी.
पंचनाम्यात सुटलेला डबा, टूल-रॅकच्या मागं.
मला सातव्या दिवशी सापडला,
भरलेला. भाकरीला हिरवी लव.
नळाखाली धरून तासभर घासला होता,
कॉस्टिकनं, वास जात नव्हता.

दारातच उभी राहिली. आत ये म्हटलं, आली नाही.
कोर्टाचं काही विचारलं नाही.
"त्या दिवशी जेवला हुता का?"

"जेवला," म्हणालो.

तिनं झाकण उघडलं,
नाकाशी धरलं,
आणि कितीतरी वेळ तशीच.