अर्धा मिलिमीटर

दिवसभर मी दात घडवतो.
तार्तूमधल्या एका तळघरात, दिव्याखाली,
कुणाच्या दाढेवरची खाच,
कुणाच्या सुळ्याचा नेमका पिवळेपणा
जुळवत बसतो.
तेव्हा बारीक बघायची सवय आपल्याला आहे,
असं मला वाटायचं.

मग जुन्या बाजारात एक लेन्स मिळाली,
सोव्हिएत काळातली, फोकसची कडी घट्ट,
आत बुरशीचा एक डाग, जळमटासारखा.
ती उलटी लावायची म्हणे,
तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ जगाकडे.
लावली.
जग पुढे आलं, नको तितकं.

फ्लॅशपुढे चिप्सचा डबा कापून बसवला,
आत ट्रेसिंग पेपर,
वर दुधाच्या पिशवीचा तुकडा, धुतलेला.
काद्री म्हणाली, हे घेऊन बाहेर जाणार?
लोकांसमोर?

लोक नव्हतेच. जूनमधली पहाट, चार वाजलेले,
दलदलीवरून जाणारी फळ्यांची वाट,
धुकं,
आणि माझे गुडघे.

पहाटच बरी. किडे गारठलेले असतात,
दवाने जड; उडणं त्यांच्या हातात नसतं.
गवताच्या पात्यावर एक टाचणी, निळी,
नावाला शोभेल इतकीच जाड.
तिच्या डोळ्यांवर थेंब, थेंबाथेंबात
उलटं आभाळ, आणि त्यात काळा ठिपका:
तो मी.

डोळा धरला तर पंख सुटतात.
पंख धरले तर डोळा विरघळतो.
स्पष्ट दिसतं त्याची जाडी अर्धा मिलिमीटर,
पाच कागद एकावर एक ठेवले तर होईल तेवढी.
श्वास घेतला की मी त्यातून बाहेर.
म्हणून सोडून देतो श्वास, थांबतो.
नाडी थांबत नाही.
कानशिलात ठोका पडला की टाचणी हलते;
वाटतं, वारा.
वारा नसतो.

मग वारा येतोच.

डासही येतात. हाताच्या पाठीवर बसतात, निवांत,
जेवायला बोलावल्यासारखे.
हा माणूस आता हलणार नाही,
हे त्यांना माझ्याआधी कळलेलं असतं.

एक्केचाळीस फोटो, केसाकेसाने पुढे सरकत;
रात्री ते एकावर एक रचायचे, म्हणजे
सगळी टाचणी एकदम दिसते, शेपटापर्यंत.
सतराव्यात तिने पाय उचलला,
डोळा पुसला. बस्स.
संगणकावर तिला सात पाय.
कामावर असं झालं असतं
तर साचा मोडून टाकला असता.
ही ठेवलीय.

आणि हेल्वे.
आमच्या सुट्टीतल्या लाकडी घराशेजारची, त्र्याऐंशीची,
एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्यातला बाकी.
सरपणाच्या ढिगाशी मी ओणवा, नाक सालीला टेकलेलं.
काय हरवलं?
काही नाही.
मग सापडलं काय?

दाखवलं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या चौकोनात
ओल्या सालीखालचा एक जीव, मोहरीहून लहान,
गोल, पिवळा,
बघा म्हणेपर्यंत उडी मारून जाणारा.
तिने बरा डोळा जवळ आणला.
बराच वेळ काही बोलली नाही.

ह्याला तोंड आहे, म्हणाली.
आणि मी सत्तर वर्षं ह्यांना चुलीत घालतेय.

मग दोन ओंडके उचलून निघाली, नेहमीसारखीच,
फक्त उचलायच्या आधी
बोटाच्या पेराने त्यांच्यावर वाजवलं, दोनदा,
कुणी आत असेल तर निघू दे, अशा बेताने.

रात्री तो फोटो मोठ्या पडद्यावर उघडला.
फोकस मागच्या सालीवर होता,
केसभर मागे.
साल मात्र अप्रतिम आलीय, तंतू न् तंतू.
पुढे एक पिवळा धुरकट गोळा.
तोंड वगैरे काही नाही.

हेल्वेला सांगितलेलं नाही.