एक्क्याण्णव टक्के

विषय साधाच होता प्रबंधाचा:
यंत्रानं बोलणं ऐकावं
आणि सांगावं, माणूस कुठला.
नागपूर की पुणे, एवढंच.

दिवसा हिंगणा रोडच्या कॉलेजात
सी-लँग्वेजचे सहा तास, मान्यतेच्या फायली,
एका पोराची हजेरी, एका पोराचे वडील.
संध्याकाळी डिकीत रेकॉर्डर टाकून
गिट्टीखदान, पारडी, मानेवाडा.

"तुमाले माहा आवाज कायले पायजे व बाई?"
चंद्रभागा निनावे विचारायच्या,
कूलरपुढं बसून सरगुंडे वळता वळता.
"कॉम्प्युटरले आपलं बोलणं समजून नाही राह्यलं, मावशी."
"मंग त्याले शाळेत टाका."

तेच तर चाललं होतं.

मे महिना. शेहेचाळीस अंश.
एकशे बारा घरं,
एकशे बारा कूलर, नवं गवत भरलेले.
पुण्याची मराठी मात्र आयती मिळाली,
बंद खोलीतली,
काच, गालिचा, मोजून घेतलेली शांतता.

आकडा आला: एक्क्याण्णव.
बोकडे सर खुर्चीतून उठले,
सात वर्षांत पहिल्यांदा.
सगळ्या विभागाला तर्री-पोहे.
एका समीक्षकानं लिहिलं, भाषा फार छोटी आहे.
दुसऱ्यानं लिहिलं, स्वीकारावा.
घरी नवरा लिस्बनच्या तिकिटांचे भाव बघत बसला,
आणि मुलीनं नकाशात लिस्बन शोधून
त्यावर टिकली लावली.

नोव्हेंबरात, सहज,
परत गेले मावशींकडे. पंधरा मिनिटं.
त्याच बाई, तोच ओटा, तेच "कायले" आणि "काहून".
यंत्र म्हणालं: पुणे.

हसले मी.
घरी पोचेपर्यंत हसू उरलं नव्हतं.
रात्री दोनला मेमधली सगळी बोलणी कापून टाकली,
ठेवल्या फक्त दोन वाक्यांमधल्या
रिकाम्या जागा, जिथं कुणीच काही म्हणत नाही.
यंत्र तरी ठाम:
नागपूर. नागपूर. नागपूर.

वर्षभर मी त्याला शब्द शिकवत होते.
ते शेवटच्या बाकावरच्या पोरासारखं
खिडकीबाहेरचा कूलर ऐकत होतं.
आणि पहिलं आलं होतं वर्गात.

सरांना सांगितलं.
सर एरवी छापील बोलतात,
घाबरले की घरचं बोलतात:
"कोन पाहून राह्यलं? मर्यादांमध्ये एक ओळ टाक.
काहून आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून राह्यली?"
खोलीतला कूलर बंद होता. आवाज स्वच्छ होता.
नमुना म्हणून उत्तम, असं वाटून गेलं,
आणि लाजही वाटली तसं वाटल्याची.

पेपर परत घ्यायचं पत्र चार ओळींचं.
लिहायला दहा मिनिटं.
पाठवायला मंगळवार ते शुक्रवार.
टिकली नकाशावरून काढली नाही कुणी,
तिची कड आपोआप सुटत गेली.

खरा आकडा आता अठ्ठावन्न आहे.
नाणं उडवलं तरी पन्नास येतात.
वरचे आठ
मोजून बघितलेत मी, पुन्हा पुन्हा,
पंखा बंद करून, फ्रिजची पिन काढून,
शेजारच्या पिठाच्या गिरणीला सुट्टी असताना.

डिसेंबरात पुन्हा पहिलं घर.
"आल्या व पुन्हा? पास झाला का तो तुमचा?"
"नापास, मावशी."
"बसा मंग. चहा मांडतो."

मांडतो, म्हणाल्या. मांडते नाही.
बाईमाणूस, आणि मांडतो.
स्टो पेटायच्या आत
वहीत तेवढ्यावर खूण केली,
आणि म्हटलं, मावशी, थांबा जरा,
स्टो लावू नका अजून.