हाताला सोसेल इतकं

अलिचूर सोडलं आणि आवाज सुरू झाला.
आधी वाटलं, वारा.
पामीरमध्ये कुठल्याही आवाजाला आधी वाराच म्हणतात.
मग रस्ता डावीकडे वळला, घुमणं थांबलं,
उजवीकडे वळला, पुन्हा सुरू.
म्हणजे पुढचं डावं चाक.
मुर्गाबपर्यंत चाळीसच्या वर गेलेच नाही.
मागे दोन म्हाताऱ्या, पिठाचं एक पोतं,
आणि दाढ काढायला निघालेला एल्नूर,
गाल धरून, प्रत्येक खड्ड्याला माझ्याकडे बघत.

तोक्तोसूनला ऐकू येत नाही.
बत्तीस वर्षं फौजेच्या डेपोत ट्रकांवर घण घातले,
कान तिथेच जमा करून आला.
त्यानं जॅक लावला, चाकाला गती दिली,
लांब पेचकसाचं टोक हबवर टेकवलं
आणि मूठ दातांत धरली.
डोळे मिटून उभा.
मग तोच पेचकस पुसून माझ्या तोंडात.
दाढांतून कवटीत शिरली
शंभर किलोमीटरची खडी.

"नदीत घातलीस," तो ओरडला. तो नेहमी ओरडतोच.
"तापलेल्या चाकानं. गरम हब पाणी पितो."

वॉशरची दुमडलेली जीभ छिन्नीनं सरळ केली,
मोठा नट, वॉशर, आतला नट,
आणि मग ते ग्रीस, सांडलेल्या चहाच्या रंगाचं.
रोलरांवर देवीचे वण.

जूनमध्ये, हो.
थांबायला हवं होतं काठावर, अर्धा तास, चाकं निवेपर्यंत.
पण मागे सैकाल होती
आणि तिचं बाळ थांबत नव्हतं.
हे मी ओठ सावकाश हलवत सांगितलं.
त्यानं बघितलं.
नदीचा विषय पुन्हा काढला नाही.

जुनी कडी पितळी दांड्यानं ठोकून काढली:
एकदा इकडून, एकदा समोरून,
नाहीतर तिरकी होऊन अडकते.
मला वाटलं, आता भंगारात.
पण त्यानं तिची कड घासली, चिमूटभर,
आणि नव्या कडीवर तीच ठेवून
तिच्यावरच घण घातला.
नवी बसली. आवाज बदलला, म्हणाला.
आवाज? मी विचारलं.
त्यानं मनगट दाखवलं.

ग्रीस भरायचं काम माझं.
तळहातावर गोळा घ्यायचा,
बेअरिंगची कड त्यात दाबत राहायची
दुसऱ्या बाजूनं किडे निघेपर्यंत.
थंडीत ग्रीस हट्टी असतं. मीही.

आता नट.
चाक फिरवत आवळायचा, चाक जड होईपर्यंत,
मग सोडायचा, एक षष्ठांश फेरा.
सोडला.
वरचा नट आवळला तर ढील गेली.
पुन्हा खोललं. थोडं जास्त सोडलं.
आता चाक वर-खाली धरून हलवलं की खुळखुळ.
पुन्हा.
चौथ्यांदा कुठे चाक असं फिरलं
की थांबायची घाई नाही आणि थांबायला कुरकुर नाही.
मी विचारलं, नेमकं किती, मला कसं कळणार?
"नाही कळणार," तो ओरडला. "खोलशील पुन्हा."
आणि वॉशरची जीभ दुमडली.

विमानतळाच्या रस्त्यानं दहा किलोमीटर गेलो, आलो.
तो उतरला, हबवर तळहात ठेवला,
माझा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला.
दहा आकडे मोजायचे.
हाताला सोसलं तर ठीक,
चटका बसला तर जास्त आवळलंस.
मी किर्गिझमध्ये मोजले, तो रशियनमध्ये.
तो आधी संपला.

तेवढ्यात दवाखान्यातून एल्नूर आला,
तोंडात कापूस, ओठ लोंबलेला.
काय चाललंय, विचारता येईना,
म्हणून वाकला, आणि आम्ही मोजलेल्या जागी
सुजलेला गाल टेकवला.

"गरम आहे?"
त्यानं मान हलवली, हो.
पण गाल उचलला नाही.