मिठातली हवा

दोनशे आठ मीटर, नव्वद सेकंद.
दिवसातून चाळीस वेळा मी हा पिंजरा खाली सोडते,
चाळीस वेळा वर नेते.
खाली हवा बारा अंशांवर थांबलेली,
जानेवारीत बारा, जुलैतही बारा.
वर कार्पेथियन डोंगर काय हवं ते करोत.

दमेकरी येतात, खुर्च्या टाकून बसतात,
मिठाचा श्वास घेतात, पत्ते कुटतात.
मुलांना एकच ताकीद : पळायचं नाही.
सिल्वियु आठ वर्षांचा, क्लुजहून आलेला, अठरा दिवसांसाठी.
पळायचं नाही तर करायचं काय,
असं विचारून त्यानं आईला पिडलं, मग मला.

मिठाला जागणं म्हणजे काय ते गाव्रिलकडून शिकावं.
छत्तीस वर्षं त्यानं हेच मीठ कापलं,
पगारात मीठ, गुडघ्यातही मीठ.
आता पेन्शन आहे, पण घरी करमत नाही.
त्या दिवशी काखेत शहाऐंशी सालची टेलिफोन डिरेक्टरी घेऊन आला.
"इतका पातळ कागद आता मिळत नाही," म्हणाला,
"आणि इतकी नावंही गावात उरली नाहीत."

एक पान त्यानं सोडवलं,
दुधावरची साय उचलावी तसं.
वीतभर लांब, तीन बोटं रुंद पट्टी.
पुढची कड जराशी वर, मागची जराशी खाली,
दोन्ही टोकांना उभे कान.
गोंद नाही, टाचणी नाही.
"वजन किती?" पोरानं विचारलं.
"माशीला विचार."

हातातून सुटली की पट्टी कोलांट्या खात उतरते.
तिच्या मागे, जरा खाली, पुठ्ठा तिरपा धरायचा
आणि चालायचं.
पुठ्ठ्यावरून चढणारी हवा तिला जमिनीवर येऊ देत नाही.
घाई केली तर पट्टी डोक्यावरून मागे जाते,
रेंगाळलं तर पायाशी पडते.
पहिले तीन दिवस पायाशीच पडली.
"ढकलतोस कशाला हवेला?
शेजारच्या खोलीत तान्हं बाळ आत्ताच झोपलंय,
असं चाल."

चौथ्या दिवशी तो चालला.
मिठाच्या खांबाला वळसा,
पत्तेवाल्यांच्या टेबलामागून,
जिभेचं टोक दातांत धरून.
त्याचा प्रत्येक श्वास मोजणारी आई
त्या दिवशी मोजायचं विसरली
आणि विणकामाचे दोन टाके सुटले.

पट्टी माझ्या पिंजऱ्यासमोरून गेली.
उलटली, पालटली, उलटली,
आणि मधल्या रांगेत दिसलं :
मुन्तेअनु इ., तीन एक्केचाळीस सत्तर.
वाचलं की वाटलं, सांगता येत नाही,
गिरकीत अक्षरं थांबतात थोडीच.
पण तो फोन आमच्या बोळकंडीत होता,
बाबांनी डायलला छोटं कुलूप घातलेला,
आणि किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं.

एवढ्यात वरची घंटा झाली.
मी सवयीनं जाळीचं दार ओढलं,
आणि विहिरीतली हवा माझ्या पाठीमागून आत घुसली.
पट्टी उचलली गेली, पोराच्या हाताबाहेर,
दिव्यांच्याही वर,
आणि जिथे कुणाची शिडी पोचत नाही
त्या कपारीवर जाऊन बसली.

मी म्हटलं, चुकलं रे माझं.
सिल्वियु मान वर करून बघत राहिला. रडला नाही.
गाव्रिल हसला : "मिठात पडलं ते टिकलं."
आणि पुढचं पान सोडवायला घेतलं.

पोरगं गेलं, बिस्किटांच्या डब्यात सहा पट्ट्या घेऊन.
डिरेक्टरी 'एन'पर्यंत आली आहे.
कपारीवरची पट्टी खालून दिसत नाही,
तरी दर खेपेला मी वर बघते.

काल शेवटच्या फेरीनंतर पिंजरा रिकामा होता.
आतला फोन फक्त वरच्या यंत्रघरात लागतो,
त्याला आकडे कशाचे लागतात?
तरी उचलला,
आणि बटणांशिवायच्या पत्र्यावर बोटानं फिरवले
तीन, चार, एक, सात, शून्य.
"कोण हवंय?" वरून कोस्तिनानं विचारलं.
"कुणी नाही," मी म्हटलं. "ओढ वर."