खूणगाठ

डिसेंबरात डंडीचा दिवस साडेतीनलाच दुकान बंद करतो.
टे नदीवरून धुकं वर येतं, पुलाचे खांब गिळतं,
आणि मी, इश्बेल गेडीज, वय एकसष्ट,
थंड खोलीत स्वेटरवर स्वेटर घालून
एका बाळाच्या रक्तातली प्रथिनं जेलमधून पळवते आहे.
बाळ गाझियानतेपचं.
कुपीवर नाव नसतं, आकडा असतो,
पण डॉक्टरीणबाईंच्या एका पत्रात ते खोडायचं राहून गेलं:
तुनाहान. अकरा महिने.
ताप येतो, जातो, येतो. कातडीखाली गाठी.
जंतू सापडत नाही.
घरात चोर नाही, आणि कुत्रा रात्रभर भुंकतो आहे.

पेशीत एक चिमुकलं प्रथिन असतं, शहात्तर मण्यांचं.
सगळीकडे सापडतं म्हणून नाव युबिक्विटिन,
जसं कुणी पोराचं नाव ‘असतोच’ ठेवावं.
ते दुसऱ्याच्या अंगाला चिकटतं,
मग त्याच्यावर तसंच आणखी एक, त्याच्यावर आणखी.
माझ्या तरुणपणी आम्ही म्हणायचो, ही मरणाची चिठ्ठी.
ज्याला लागली तो गेला दळायला.
खोटं नव्हतं. अर्धं होतं.

कारण गिरण्या दोन असतात, एक दळते, एक विणते.
माळ या मण्यातून ओवली तर पीठ,
त्या मण्यातून ओवली तर
त्याच प्रथिनाला कुणी हात लावत नाही;
उलट त्याच्याभोवती घोळका जमतो, कुजबुज वाढते,
घंटेचा दोर धरून बसलेल्या पहारेकऱ्याला
पहिल्या जातीची माळ पडते,
तो जातो,
आणि गाभ्यात घंटा वाजू लागते: आग, आग.

विनी आत्या तागाच्या गिरणीत विणकरीण होती.
मागांच्या खडखडाटात शब्द ऐकू येत नसत,
म्हणून बायका हातांनी बोलत.
एक बोट ताठ: मुकादम येतोय.
तेच बोट आकडीसारखं वाकवलं: त्याची बायको पळाली.
बोट एकच.
चाळिशीत आत्या ठार बहिरी झाली
आणि तिचे हात थांबेनात.
रविवारी जेवताना, सुपाच्या वाडग्यावर,
कुणीच विचारलेलं नसताना, मुकादम, मुकादम, मुकादम.
मग माझी आई उठून तिची दोन्ही मनगटं धरायची.
जोरात नाही.
ओठ हलवून सांगायची: विनी, गिरणी सुटली.

तुनाहानच्या पेशीत मनगट धरणारं कुणी नाही.
सरळ माळा सोडवणारं एक प्रथिन असतं,
त्याच्या आराखड्यात एक अक्षर चुकलंय,
आईकडून एक, बापाकडून तेच एक.
डार्करूममध्ये फिल्म धरली.
त्याच्या आईच्या रकान्यात पुसट पायऱ्या,
त्याच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत काजळी,
एकही माळ सुटलेली नाही.
सांगायला लाज वाटते, पण ती फिल्म सुंदर होती.
मी ती उजेडाकडे जरा जास्तच वेळ धरली.

मार्चमध्ये पत्र आलं.
आता एक औषध देतात, पेशीबाहेरची आरोळी टिपून घेणारं;
आतली गाठ तशीच.
नऊ दिवस ताप नाही.
मसुराचं सूप प्यायला, परिचारिकेच्या बोटाला चावला,
दात दोन.
हे शेवटचं कशाला लिहिलं कोण जाणे,
नोंदवहीत त्याला रकाना नाही.
मी ते समासात पेन्सिलीने लिहिलं: दात दोन.

नंतर बसथांब्यावर उभी होते.
वारा नदीवरून, हात कोटाच्या खिशात,
आणि आत, माझ्या नकळत,
एक बोट वाकत होतं, ताठ होत होतं, वाकत होतं.