फाटा

नाण्याएवढ्या दोन पोलादी चकत्या,
मध्ये वितळलेलं पॉलिथिन, एकशे नव्वद अंशांवर.
वरची चकती हलते
इतकी सावकाश, की लिडवीन कॉफी आणून पिऊन टाकते
तरी एक हेलकावा पुरा झालेला नसतो.

बाकीच्या यंत्रांनी लिहून दिलंय : साखळ्या सरळ.
दहा हजार कार्बनांत एखादाच फाटा,
तो त्यांच्या नजरेत भरत नाही.

घाईनं ढवळलं तर फाटेवालं
उलट जास्तच सुळसुळीत वाहतं.
हळू विचारावं लागतं.
सरळ साखळी गुंत्यातून
आपल्याच वाटेनं सरपटत सुटते;
फाटा असलेली अडते.
आधी तो हात पार मुळापर्यंत आखडून घ्यायचा,
मग कुठे एक पाऊल.
आलेखाची रेघ जिथे सपाट व्हायची
तिथे चढतच राहते.

गेलेनमध्ये या आवाराखाली कोळशाची खाण होती.
बाबा टेकूच्या लाकडाला कान लावून
छताचं मन ओळखायचे.
घरी मात्र कुणाला काही विचारायचे नाहीत.

सहाला पाळी सुटते. ती नोंदवहीत लिहिते :
चौथ्या टाकीत फाटे आहेत, माल रोखा.

काल दुपारी धावतपळत ह्यूबला विचारलं होतं,
आई कशी आहे?
'बरीय,' म्हणाला. लगेच.

कोट घालता घालता ती फोन लावते.
प्रश्न तोच.
आणि या खेपेला, तो बोलेपर्यंत,
दुसरं काहीच बोलत नाही.